ईनबाईचा मुक्काम

आमच्या ईनबाईसारखी वाईट पाहुणी अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात दुसरी झाली नाही, आणि नवरा-बायकोची जितकी भांडणं तिनं मिटवली तितकी कोर्टानंही मिटवली नसतील. या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या, एकच होत्या. ईनबाई म्हणजे विहीणबाई, माझ्या सिंधूची सासू. ईनबाई-ईनबाईचं मांडवातच वाजतं, तसं आमचंही वाजलं. मी दिलेल्या मानाच्या लुगड्याची घडी तिनं सगळ्यांसमोर उलगडली आणि काठ उन्हात धरून पाहिला. मी म्हटलं, "ईनबाई, लुगडं आहे ते, धान नाही. इतकं पारखाचं काम नाही." ती म्हणाली, "धान खराब निंघालं तं एक साल जाते. लुगडं रोज आंगावर राह्यते." मला तिचं म्हणणं पटलं. तोंडावर खरं बोलणारी बाई मला चालते. गोड बोलणाऱ्यांची मला भीती वाटते.

ती भरवेलीला राहायची. नवरा लवकर गेला होता. मुलगा मँगनीजच्या खाणीत कामाला होता, त्याला लाईनीत दीड खोलीचं क्वार्टर मिळालं होतं. दाराला दार लागून असलेली ती घरं. एका घरी फोडणी दिली तर चौथ्या घरी ठसका लागायचा, मग भांडण लपून कसं राहणार? खाणीची काळी धूळ सगळ्यांच्या भांड्यांवर सारखी बसायची आणि एकेका घराची बातमी सगळ्यांच्या कानांवर सारखी पडायची. बायका समजावायला जायच्या, म्हातारे पंचायत बसवायचे, कोणी पोथीतलं ऐकवायचं. ईनबाई यातलं काहीच करायची नाही. एखादी सून रडत तिच्याकडे नवऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन आली, की ईनबाई आपल्या गुडघ्याचं गाऱ्हाणं सुरू करायची. गुडघा उजवा, मग डावा, मग कोणत्या वैद्यानं कोणतं तेल दिलं. सून कंटाळून डोळे पुसून उठून जायची. मी एकदा म्हटलं, "अहो, बिचारीचं ऐकून तं घ्याचं." ती म्हणाली, "एकटीचं ऐकलं का मी तिच्या बाजूची होतो. मंग तिच्या नवऱ्याच्या घरी मले कोण बसू देईन?"

आणि त्या घरी तिला बसायचंच असायचं. भांडण फार लांबलं, दोघांचं बोलणं बंद पडलं, की एक दिवस ईनबाई गाठोडं काखेत मारून त्यांच्या दारात उभी राहायची. "माह्या घरी भिंती पोतून राह्यली, दोन दिवस इथंच राह्यतो." तिच्या घरच्या भिंतींना इतक्या वेळा पोतारा झाला असता तर खोलीत माणूस मावला नसता. पण दारी आलेल्या पाहुणीला, तीही वयानं मोठी, विधवा, शेजारची, जा म्हणायची आमच्यात रीत नाही. तिला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्यावरच तिचा सगळा कारभार चालायचा.

एकदा आत शिरली की ती त्या घराचे हाल करायची. मिठाचं मडकं हलवून तिखटाच्या जागी ठेवायची आणि म्हणायची की असंच बरं दिसतं. ओलं लुगडं नेमकं दारावर वाळत घालायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाला ते चिकटलं पाहिजे. तंबाखूचं गुडाखू दातांना घासत ती नळावर बसली की मागच्या बायकांच्या घागरी रिकाम्या राहायच्या, आणि त्या बायका शिव्या मात्र ज्या घरी ती पाहुणी होती त्या घरच्या बाईला द्यायच्या. जेवताना रोज म्हणायची, "कालचं वरण बरं होतं." दुसऱ्या दिवशी तेच वरण केलं तरी म्हणायची, "कालचं बरं होतं." एका फिटरच्या घरी तिनं त्याची खाट उंबऱ्याकडून भिंतीकडे आणि भिंतीकडून उंबऱ्याकडे इतकी सरकवली, की तो ड्यूटीवरून आला की आधी खाट शोधायचा. त्या फिटरचं आणि त्याच्या बायकोचं बोलणं साळ्याच्या लग्नातल्या आहेरावरून बंद होतं. ईनबाई तिथं राहायला गेली, आणि थोड्याच दिवसांत ती बाई मोरीपाशी नवऱ्याला हळूच म्हणाली, "ही कधी जाईन वो?"

"तूच विचार न."

"मी कशी विचारू? पाहुणी आहे. तुमी माणूस आहा, तुमी विचारा."

"मले तं तिनं काल म्हटलं, तुह्या दाढीचा साबण माह्या पायाले लावला, भेगा बऱ्या झाल्या."

त्यावर ती बाई हसली. कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं. दुसऱ्या दिवशी फिटर बाजारातून जिलेबी घेऊन आला आणि पाहुणीला द्यावी लागू नये म्हणून दोघांनी ती घरामागे उभं राहून खाल्ली. ईनबाईनं जिलेबीचा चिकट कागद पाहिला आणि गाठोडं बांधलं. असं काहीतरी चोरून खाल्लेलं, चोरून हसलेलं दिसलं की ती निघायची. निघताना मिठाचं मडकं मूळ जागी ठेवून जायची.

पण सगळ्या घरांना एकच औषध नव्हतं. एका मास्तरीणबाईची गोष्ट सांगते. ती सालभर नवऱ्याला येता-जाता बावळट म्हणायची. हे अख्ख्या लाईनीला पाठ होतं. ईनबाई तिच्या घरी जाऊन बसली आणि पहिल्याच दिवशी नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, "बाई, तुहा नवरा तं अगदीच बावळट दिसते." मास्तरीण पोळ्या लाटत राहिली. दुसऱ्या दिवशी ईनबाई म्हणाली, "याले चालता बी येत नाई धड." तिसऱ्या वेळी मास्तरीण पोळपाट टाकून उठली. "काकू, माह्या माणसाले नाव ठेवाचं काम नाही. त्याच्यासारखा माणूस या लाईनीत दाखवा मले." नवरा दारात उभा होता, हातात चप्पल, एक पाय आत आणि एक बाहेर. तो तसाच उभा राहिला. ईनबाई मला सांगायची, "त्यानं आयुष्यात पयल्यांदा ऐकलं ते. सांगाले गेली असती, का बाई नवऱ्याले मान दे, तं तिनं मलेच पोळपाट मारलं असतं."

एक गोष्ट मात्र ती कधी करायची नाही. जिथं नवरा हात उचलायचा, त्या घरी ती पाहुणी म्हणून राहिली नाही. मजुरांच्या लाईनीतला एकजण बायकोला मारायचा. लोक ईनबाईला म्हणाले, जा, चार दिवस राहून ये. ती गेली, आणि त्या बाईला आणि तिच्या लेकराला घेऊन भर दुपारी सगळ्यांदेखत मोटारीत बसली आणि बाईला माहेरी पोचवून आली. नवरा ईनबाईच्या दारावर येऊन ओरडला तेव्हा ती म्हणाली, "हे भांडण नोहे. भांडणाले दोन जण लागतात." लोकांनी तिला घर फोडणारी म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि गुडाखू घासत बसली.

मी तिला विचारलं होतं, हे पाहुणचाराचं शास्त्र तुमाले कोणी शिकवलं. ती म्हणाली, "माह्या लग्नाच्या नव्यानं आमच्या घरी मालकाची आत्या आली. अख्खा पावसाळा राह्यली. नवरा-बायको म्हनून आमी दोघं पयल्यांदा मनातलं बोललो, ते तिले नावं ठेवाले."

"तिनं मुद्दाम केलं होतं काय?"

"कोणाले मालूम. मुद्दाम केलं असन तं मोठी शहाणी बाई होती. नसन केलं तं मोठी तापदायक होती. आमचं तं काम झालं."

पुढं पुढं तिचं नाव इतकं झालं, की तिला राहायचीही गरज उरली नाही. गाठोडं घेऊन ती लाईनीच्या टोकाला दिसली, की ज्या घरी अबोला असेल तिथला नवरा दारातून बायकोला मोठ्यानं हाक मारायचा, "अवं, चहा झाला काय?" आणि बायको त्याहून मोठ्यानं ओ द्यायची. ईनबाई तरीही आत जाऊन चहा पिऊनच परत फिरायची.

असं सगळं असताना तिच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं, ते आता सांगते.

सिंधूचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे झालं. मुलगा झाला. चार दिवस राहिला आणि गेला. पावसाची झड होती, नाल्याला पूर येऊन भरवेलीची वाट बंद होती, जन्माचा निरोपही उशिरा पोचला, जावई खाणीत ड्यूटीवर होता. मायलेक आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. लहान जीव, त्याला घरात ठेवत नाहीत. जावई ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आणि काही विचारलं नाही. सिंधू आत भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिनं काही सांगितलं नाही. महिनाभरानं मी तिला सासरी पोचवली. तिकडे त्या दोघांचं बोलणं बंदच होतं. भांडण नव्हतं. कोणी कोणाला वाईट बोललं नव्हतं. नुसतं बोलणं नव्हतं. पोळ्याला सिंधू माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "आई, त्यांची उकव्याच्या खाणीत बदली होऊन राह्यली. ते एकटेच जातील. मी मंग इथंच येते." रडली नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं, आणि त्यावरून मी समजले की ही खरंच येणार. उकवा जंगलात, बैहरच्या वाटेवर. तो एकदा तिकडे गेला आणि ही इकडे राहिली, तर पुन्हा जोडायला कोणतीच सुई पुरली नसती. मी तिला म्हटलं, "बदली तं होऊ दे, मंग पाहू." दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भर सकाळी ईनबाई गाठोडं घेऊन माझ्या दारात उभी. "दोन दिवस राह्यतो," म्हणाली. भिंतींचंही नाव घेतलं नाही.

आमच्या बालाघाटच्या गल्लीतही तिची कीर्ती पोचलेली होती. तिला आत शिरताना समोरच्या बाईनं पाहिलं, आणि दुपारपर्यंत गल्लीत झालं की माझं आणि सिंधूच्या बाबांचं बोलणं बंद आहे. एक शेजारीण वाटीभर साखर मागायला आली आणि माझ्या तोंडाकडेच बघत बसली. दुसरी म्हणाली, "या वयात काहून असं वो?" सगळ्यांत जास्त धसका आमच्या ह्यांनी घेतला. हे धानाच्या गिरणीतून आले, ईनबाईला पाहिलं, हातपाय धुतले आणि मला मागच्या आंगणात बोलावून म्हणाले, "माझं काही चुकलं काय?"

"चुकलं तं लय आहे. कोणतं पाह्यजे?"

"मंग तू मले सांगाचं होतं न. बाहेरून माणूस कायले बोलावलं?"

मी म्हटलं, मी बोलावलं नाही. यांना खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी यांनी मोरीचा फुटलेला दगड बसवला, जो बसवा म्हणून मी सिंधूच्या लग्नाआधीपासून सांगत होते. मग छपराचे कवेलू फेरले. ईनबाई आणखी आठवडाभर राहिली असती तर यांनी विहीरही खणली असती.

पण मला वेगळीच काळजी लागली. ईनबाई आमच्या घरी काहीच त्रास देत नव्हती. मीठ मिठाच्या जागी. लुगडं मागच्या दोरीवर. नळावर गेली तर घागर भरून लगेच परत. वरण वाढलं की खाली मान घालून जेवायची. मी मुद्दाम एक दिवस भाजी खारट केली. तीही खाल्ली. तेव्हा मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "ईनबाई, तुमी इथं आमच्यासाठी नाही आल्या. काय झालं ते सांगा."

ती सुपातलं धान पाखडत होती. पाखडता पाखडता म्हणाली, "माह्या घरातलं सगळं बोलणं माह्यावरून जाते. सून म्हणते, आई, त्याईले सांगा, भात झाला. पोरगा म्हणते, आई, तिले सांग, भूक नाई. दीड खोली. तो इथं, ती तिथं, मंधात मी. दोघाईले बी ऐकू येते, तरी मी सांगतो. भात झाला हे सांगता येते मले. पण जे बोलाचं आहे ते मी कसं सांगू? ते माह्यावरून जातच नाई." तिनं सूप खाली ठेवलं. "लोकाईच्या घरी मी गेली का ते दोघं एक होतात. माह्या घरी मी आहो म्हनून ते दोघं दोन आहेत. मंग निंघाली."

"आन् ते तिकडं बोललेच नाही तं?"

"तं नाई बोलत. तो उकव्याले जाईन, तुमची पोरगी तुमच्याकडं येईन. मी असली तरी तेच होऊन राह्यलं होतं."

तिच्या तोंडून असं ऐकायची मला सवय नव्हती. दुसऱ्यांच्या घरी तिला सगळं ठाऊक असायचं. आता ती दर मोटारीच्या आवाजाला मान वर करायची आणि पुन्हा खाली घालायची. भरवेली काही लांब नाही, सायकलीवरचं अंतर. पण कोणी आलं नाही, निरोपही आला नाही. मी म्हटलं, जाऊन पाहून येते. ती म्हणाली, "तुमी गेल्या का तुमच्यावरून बोलतील."

दिवाळी जवळ आली तेव्हा एका दुपारी दोघं आले. सायकलीवर, सिंधू मागे बसलेली. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांचा आवाज येत होता. "म्हटलं होतं, हवा भरून घ्या." "भरली होती. तू पिशवीत काय दगड आणले काय?" "दगड नाही, तुमच्याच आईसाठी चकल्या आहेत." ईनबाई उंबऱ्यात होती. ती उठून पुढे गेली नाही. तिथंच चौकटीला धरून उभी राहिली.

बदली झाली होती आणि दोघंही उकव्याला जाणार होते. जावई म्हणाला, "आई, तू बी चाल. सामान भरलं." सिंधूही म्हणाली, "चला न आई." ईनबाईनं चकली मोडून तोंडात टाकली आणि म्हणाली, "मी भावाकडं जाईन गावाले. तुमच्याकडं सणाले येईन, चार दिवस. पाहुणी म्हनून." जावयानं पुष्कळ आग्रह केला. ती ऐकणारी बाई नव्हती.

सिंधू चुलीपाशी माझ्याजवळ बसली होती तेव्हा तिनं आपणहून सांगितलं. पहिले काही दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. भात झाला हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून ती ताट वाढून ठेवायची आणि तो जेवायचा. एक दिवस ताट समोर असताना त्यानं हात लावला नाही. खाली बघत विचारलं, "कोणासारखा होता?"

"मग?" मी म्हटलं.

"मग सांगितलं. सगळं सांगितलं. भात वाळून गेला." ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "आई, त्याईले वाटलं, मी त्याईच्यावर चिडून आहो, ते आले नाही म्हनून. मले वाटलं, त्याईले काही वाटलंच नाही."

ऊन उतरायच्या आत दोघं निघाले. चाकात हवा भरली होती. आम्ही दोघी आंगणात उभ्या होतो. सायकल गल्लीतून वळली तरी सिंधूचा आवाज येतच होता, काहीतरी उकव्याच्या चुलीबद्दल. मग तोही आला नाही.

ईनबाई खाली बसली. मला वाटलं, आता ही विचारणार की ते दोघं काय बोलले, आणि मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. ते त्यांचं होतं. पण तिनं ते विचारलं नाही. पदरानं मान पुसली आणि रस्त्याकडे बघतच म्हणाली, "ईनबाई, आमी आलो तवा सगळं झालं होतं. तुमी तं पाह्यला होता त्याले. कसा होता वो?"

इतक्या दिवसांत मला कोणीच हे विचारलं नव्हतं. चारही दिवस मीच त्याला न्हाऊ घातलं होतं.

"लांब होता," मी म्हटलं. "केस दाट होते. नाक जावयाचं."

"म्हंजे त्याच्या बाबाचं," ती म्हणाली. तिचा नवरा मी कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, "अजून सांगा."

मग मला जेवढं आठवत होतं तेवढं मी सांगत गेले. जास्त काही नव्हतं, चार दिवसांचं पोर. तरी अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून होतो, आणि सांजवात राहिली.